क्लोजअपमध्ये पाय काय करत होते?

डान्सचा कुठलाही रिअ‍ॅलिटी शो असो, पाच-सहा आठवडे उलटले की जुन्या गाण्यांचा भाग येतोच. कधी माधुरीसाठी, कधी श्रीदेवीसाठी, कधी नुसताच ‘सदाबहार’ म्हणून. चिठ्ठ्या निघतात आणि कुणाच्या तरी वाट्याला ‘एक दो तीन’ येतं. घरी बसलेल्यांना वाटतं, चला, हिचं काम सोपं झालं, स्टेप्स तयारच आहेत. जे नाच बसवतात त्यांना विचारा. कोरं गाणं परवडलं, पण हे नको, असंच बहुतेक जण म्हणतील.

सिनेमातला नाच सलग असा कुणी नाचलेलाच नसतो, इथेच खरी गोम आहे. तो तुकड्यातुकड्यांत चित्रित होतो. एक ओळ आज, दुसरी उद्या. एक तुकडा जिन्यावर, पुढचा अंगणात. चार मात्रा, म्हणजे तालाचे चार ठोके, पूर्ण अंग दिसेल असे, पुढच्या चार मात्रा नुसते डोळे. तुकडे जोडण्याचं काम संकलक करतो आणि आपल्या डोळ्यांना सलग नाच दिसतो. स्पर्धकाला मात्र तो अडीच मिनिटं, एका दमात, एकाच दिशेला तोंड करून नाचायचा असतो. मूळ गाण्यात चेहऱ्याचा क्लोजअप चालू असताना नटीचे पाय काय करत होते, हे पडद्यावर कुठेच दिसत नाही. कदाचित ती नुसती उभी असेल, कदाचित स्टुलावर बसलेली असेल. टीव्हीच्या मंचावर तसं चालत नाही, तिथे पायांना काहीतरी करावंच लागतं.

म्हणून ‘तस्संच केलं’ ही शाबासकी फारशी मनावर घेऊ नये. तस्संच करता येत नाही. काय राखायचं, काय सोडायचं आणि मधल्या मोकळ्या जागा कशाने भरायच्या, हे ठरवणं हाच या कामाचा गाभा.

सुरुवात कागदावर करावी. गाणं आधी आवाज बंद करून पाहायचं. आवाज चालू असला की चाल मनाला ओढून नेते आणि डोळे आळशी होतात. प्रत्येक कट झाला की नवी ओळ लिहायची: शॉट कितवा, किती मात्रांचा, अंग कुठपर्यंत दिसतं, वजन कुठल्या पायावर, तोंड कुठल्या दिशेला, हात कुठे थांबतात, नजर कुठे आहे. नजरेचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. पाच मिनिटांच्या गाण्याला असा तक्ता करायला अख्खा दिवस जातो. शोमध्ये गाणं हातात पडल्यापासून चित्रीकरणापर्यंत तीन-चार दिवसच मिळतात, त्यातला एक असा गेला की मुलं चुळबुळ करतात. तरी हा दिवस वाचवू नये.

तक्ता झाला की तो तीन रंगांत रंगवायचा. पूर्ण अंग दिसतं ते शॉट एका रंगात. हे जवळपास जसेच्या तसे घेता येतात. कमरेपासून वर दिसतं ते दुसऱ्या रंगात: हात आणि मान मूळची, पाय आपले. नुसता चेहरा दिसतो ते तिसऱ्या रंगात: भाव मूळचा, बाकी सगळं आपलं. जुन्या हिंदी गाण्यांत तिसरा रंग अनेकांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त भरतो.

मग येतात जोड. एका शॉटच्या शेवटी वजन डाव्या पायावर, तोंड उजवीकडे. पुढचा शॉट सुरू होतो तेव्हा नटी पाठमोरी, उजवा पाय पुढे. सिनेमात मधे कात्री आहे, आपल्याकडे नाही. म्हणून दोन, फार तर चार मात्रांची जोड-स्टेप बनवावी लागते. ती मूळ गाण्यातल्याच एखाद्या हालचालीतून काढावी, बाहेरून आणू नये. जोड दिसली की ठिगळ दिसतं. सगळ्यात वाईट जोड म्हणजे गिरकी. दिशा बदलायची आहे, टाक गिरकी. अडीच मिनिटांत अशा आठ-नऊ गिरक्या झाल्या की मूळ नाच कुणाचा होता ते कळेनासं होतं.

व्हिडिओ पाहून शिकताना होणारी आणखी एक चूक फार साधी आहे, म्हणूनच ती शेवटच्या दिवसापर्यंत लपून राहते. पडद्यावरची नटी आपल्याकडे तोंड करून असते. तिच्यासमोर उभं राहून आरशात करतो तसं केलं, तर तिचा उजवा हात आपला डावा होतो. एकट्याचा नाच असेल तर एक वेळ चालून जाईल. पण साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो. ज्या हाताने तो धरायचा तोच उलटला की ऐनवेळी हात पदरापर्यंत पोचतच नाही. मोबाइलवर व्हिडिओ आडवा उलटा करून घ्यायची सोय आता सगळीकडे आहे. शिकताना उलटा व्हिडिओ, तपासताना सरळ, एवढं पाळलं तरी पुरे.

स्लो मोशनचे शॉट हा आणखी एक सापळा. सेकंदाला चोवीस चौकटींच्या जागी अठ्ठेचाळीस चौकटींनी चित्रीकरण केलं की पडद्यावर हालचाल निम्म्या वेगाने दिसते. ओठ गाण्याशी जुळायला हवेत म्हणून सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. म्हणजे पडद्यावर जी हळुवार, तरंगणारी गिरकी दिसते, ती नटीने प्रत्यक्षात झपाट्याने घेतलेली असते. मंचावर तीच गिरकी खरोखर हळू घ्यायला गेलं की तोल जातो, कारण वेग नसला की फिरण्याचा जोरच उरत नाही. यावर उपाय दोन. एक तर गिरकी मूळ वेगाने घेऊन शेवट लांबवायचा: अंग थांबलं, हात मात्र आणखी दोन मात्रा खाली येतोय. नाहीतर गिरकी सोडून तेवढ्या मात्रा हात, मान आणि डोळ्यांवर न्यायच्या. झोकांड्या खात फिरण्यापेक्षा दोन्ही बरे.

आता ट्रॅक. गाणं पाच-सहा मिनिटांचं, वेळ साधारण अडीच मिनिटांची. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात आठ मात्रा चार सेकंदांत होतात, म्हणजे १५० सेकंदांत साडेसदतीस ‘आठ’, आठ-आठ मात्रांचे गट. १०० ठोक्यांच्या गाण्यात एकतीसच्या आसपास. बजेट एवढंच. त्यात सुरुवातीचा तुकडा, मुखडा, पहिला म्युझिक पीस (शब्दांच्या मधलं नुसतं वाद्यसंगीत), एक अंतरा आणि शेवटचा मुखडा बसतो. दोन अंतरे घ्यायचा मोह टाळावा. दुसरा अंतरा घेतला की म्युझिक पीस कापला जातो, आणि जुन्या गाण्यांत नृत्यदिग्दर्शकाने आपलं सगळं कसब तिथेच ओतलेलं असतं.

ट्रॅक नेहमी पूर्ण आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, संपल्यावर कापायचा, शब्द संपले म्हणून नाही. आठ मात्रांच्या ठेक्यात एखादा कट सातव्या मात्रेवर पडला तर ऐकणाऱ्याला पुसटसं खटकतं, नाचणाऱ्याचा मात्र पुढचा सगळा हिशेब एकाने सरकतो. तिहाई घ्या. तीन मात्रांचा तुकडा समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, तीनदा घेतला की नऊ मात्रा होतात आणि नववी पुढच्या समेवर पडते. तिहाईची मजा त्या एका ठोक्यात असते. मागचा कट एका मात्रेने चुकला असेल, तर पाय बरोबर पडूनही सम हुकते आणि दोष मात्र नाचणाऱ्याला लागतो. कापलेला ट्रॅक दिवसभर टाळ्या देऊन मोजून घ्यावा आणि मगच स्टेप बसवायला घ्याव्यात. आणि वेग वाढवू नये. ‘आजच्या प्रेक्षकांसाठी’ म्हणून गाणं पाच-सात टक्क्यांनी पळवायची फॅशन आहे. त्यात पहिला बळी जातो तो मधल्या थांब्यांचा.

सरोज खान यांच्या गाण्यांत तर ते थांबेच सर्वस्व. १९८८च्या ‘तेजाब’मधल्या ‘एक दो तीन’नंतर फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनासाठी वेगळा पुरस्कार सुरू केला आणि पहिला त्यांनाच दिला. टीव्हीवर सगळ्यात जास्त वेळा पुन्हा केलेल्या नाचांमध्ये हे गाणं नक्की असणार. एका बाबतीत ते सोपंही आहे: सिनेमातही ते रंगमंचावर, गर्दीसमोर घडतं. प्रेक्षक कुठे आहेत हे आधीच ठरलेलं असल्याने दिशांचा घोळ कमी होतो. तरी ते हमखास फसतं, कारण स्पर्धक उड्या आणि कंबर पाठ करतात, आकडे विसरतात. गाणं तारखा मोजत वाट पाहणारीचं आहे. एकापासून तेरापर्यंत प्रत्येक आकड्याला चेहरा थोडा बदलत जायला हवा. तेराही आकडे एकाच हसऱ्या चेहऱ्याने म्हटले की राहते ती कवायत.

सरोजबाई सोहनलाल यांच्या हाताखाली तयार झाल्या. १९६५च्या ‘गाइड’मधले वहिदा रहमान यांचे नाच ज्या हीरालाल-सोहनलाल जोडीने बसवले, त्यांतले ते सोहनलाल. शब्दागणिक भाव बदलायची ही रीत त्या परंपरेतून आलेली आहे, आणि तिचं मूळ आणखी मागे, बसून अभिनय करण्याच्या पद्धतीत आहे. एकच ओळ चारदा आली तर चार वेगवेगळ्या तऱ्हांनी करायची. टीव्हीसाठी बसवताना पुनरावृत्ती नको म्हणून ओळ कापतात आणि नेमकी हीच गंमत जाते. मी तर म्हणेन, अंतरा उडवा, पण मुखड्याची एक तरी ओळ दोनदा राहू द्या.

१९८७च्या ‘मिस्टर इंडिया’मधलं ‘हवा हवाई’ हे त्याचं दुसरं टोक. त्याची सुरुवातच निरर्थक शब्दांची आहे. तिथे स्टेप शोधत बसू नये. ओठ, भुवया आणि नाक एवढ्यावर श्रीदेवीने तो भाग पेलला आहे. स्पर्धक बहुधा हा भाग ट्रॅकमधून काढतात आणि थेट ठेक्यावर येतात. ठेवायचा असेल, तर ओठांची तालीम पायांइतकीच घ्यावी लागते. ती निरर्थक अक्षरं कागदावर उतरवायची, मात्रांप्रमाणे फोडायची आणि आरशासमोर म्हणायची. पुटपुटून चालत नाही. मोठ्याने म्हटलं तरच जबडा मूळच्यासारखा हलतो.

‘सैलाब’मधलं ‘हमको आज कल है इंतजार’ निवडताना मात्र दोनदा विचार करावा. १९९०चं हे गाणं, माधुरीची कोळी पद्धतीची साडी, म्हणून आपल्याकडच्या मुलींना ते जवळचं वाटतं. पण तो नाच एकटीचा नाही. भोवतीच्या घोळक्यामुळे तिची प्रत्येक हालचाल मोठी दिसते. एकटीने केला तर त्याच स्टेप्स पोरक्या वाटतात. निदान सहा जणी मागे हव्यात, आणि त्यांनी मुख्य मुलीच्या स्टेप करायच्या नाहीत, तिच्या स्टेपला उत्तर द्यायचं. सात जणी एकच स्टेप करू लागल्या की स्नेहसंमेलन होतं.

‘देवदास’मधल्या ‘डोला रे डोला’ला सरोज खान यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यातली अडचण वेगळीच: दोन नर्तकी, दोघी सारख्या तोलाच्या. दोघींच्या उंचीत तीन-चार इंचांचा फरक असेल, तर हात एकाच कोनात नेऊनही टोकं वरखाली दिसतात. अशा वेळी कोन न जुळवता मनगट कुठल्या उंचीला थांबणार ते जुळवायचं. ठेंगणीने कोपर थोडं अधिक उचलायचं, उंच मुलीने गुडघा किंचित जास्त वाकवायचा. फिरताना दोघींच्या घेराला जागा लागते. हात पसरलेले आणि वर पदर, म्हणजे दोघींत निदान आठ फूट अंतर हवं. तालमी सलवार-कमीजमध्ये झालेल्या असतात, चित्रीकरणाच्या दिवशी साडी येते आणि दुसऱ्याच गिरकीत पदर एकमेकींत अडकतात. तालमीत पहिल्या दिवसापासून निदान जुनी साडी तरी गुंडाळावी.

जुन्यात जुनं म्हणून कुणी १९५१च्या ‘अलबेला’तले भगवानदादा करायला घेतात. वाटतं, दोन पावलं आणि हात हलवायचे, झालं. हाच सगळ्यात अवघड पेपर. त्या नाचात दाखवायला काहीच नाही. गुडघे सैल, वजन खाली, टाच-चवडा चालू, हात आपोआप झुलताहेत, आणि माणूस ठेक्याच्या किंचित मागे रेलल्याचा भास. आजच्या मुलांचं शरीर प्रत्येक ठोक्यावर झटका द्यायला शिकलेलं असतं. तो झटका काढायला तीन दिवस पुरत नाहीत. निदान खांदे कानांपासून खाली ठेवायचे आणि पाऊल जमिनीपासून दोन बोटांपेक्षा जास्त उचलायचं नाही, एवढी दोन बंधनं घातली तरी निम्मं काम होतं. मधेच एखादी कोलांटी घालून गुण मिळवायचा प्रयत्न होतो. मिळतातही, हे दुर्दैव.

१९५९च्या ‘नवरंग’मधलं ‘अरे जा रे हट नटखट’ क्वचितच कुणी हाती घेतं, आणि घेणाऱ्याचं कौतुक वाटतं. व्ही. शांताराम यांच्या या गाण्यात संध्याबाईंच्या डोक्याच्या मागच्या बाजूला पुरुषाचा मुखवटा आहे. इकडे तोंड केलं की राधा, पाठ फिरवली की तिला छेडणारा तो. मुखवटा विकत मिळतो, पण खरी कसरत शरीराची. पाठमोऱ्या अवस्थेत पुरुष ‘पुढे’ चालतोय असं दाखवायला नर्तकीला मागे चालावं लागतं. टाचा प्रेक्षकांकडे आल्या की बिंग फुटतं, म्हणून पावलं दोन्ही बाजूंना उघडून आडवी टाकायची. हात पोटासमोर नेले तर मागून दिसतच नाहीत, म्हणून सगळे हावभाव शरीराच्या रेषेत, बाजूला करायचे. ते पुढूनही वाचता येतात आणि मागूनही. मान खाली झुकली की मुखवटा आकाशाकडे बघतो, म्हणून पाठमोरी असताना हनुवटी जमिनीला समांतर. केस आधी घट्ट चापून बसवायचे, वर जाळी, मग मुखवटा, आणि पट्टा कानांमागून न्यायचा, कानांवरून नव्हे.

एवढं करूनही टीव्हीवर हा नाच मारला जातो तो कॅमेऱ्यामुळे. कडेचा कॅमेरा नेमक्या वेळी लागला तर एकाच डोक्याला दोन चेहरे दिसतात आणि जादू संपते. वरून फिरणाऱ्या जिबनेही, म्हणजे लांब दांड्यावरच्या कॅमेऱ्यानेही, तेच होतं. म्हणून अशा नाचाला कॅमेरा रिहर्सलमध्ये दिग्दर्शकाशी बोलून कुठल्या मात्रांना फक्त समोरचा कॅमेरा हवा ते लिहून द्यावं. ‘जपून घ्या’ म्हणून काही होत नाही. नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला एकाच वेळी सात-आठ पडदे दिसत असतात. त्याला ‘मुखड्याच्या दुसऱ्या ओळीला, पाठ फिरल्यापासून आठ मात्रा’ असं नेमकं हवं असतं. खरं तर जुन्या कुठल्याही नाचासाठी असा कागद द्यावा. मूळ गाण्यात डोळ्यांचा क्लोजअप आहे, आपण इथे डोळ्यांनीच काम करतोय, आणि टीव्हीवर त्या क्षणी परीक्षकांचं हसू दाखवलं जातंय, हे फार वेळा घडतं.

आता लावणीकडे येऊ. मराठी कार्यक्रमांत जुनं म्हणून आणि हमखास म्हणून जे नाचलं जातं ते बहुतेक लावणीच. २०१०च्या ‘नटरंग’मधलं ‘अप्सरा आली’ आणि ‘वाजले की बारा’ आता अभिजात म्हणावीत इतकी मुरली आहेत. योगायोग असा, की ती बसवणाऱ्या फुलवा खामकर स्वतः ‘बूगी वूगी’च्या विजेत्या. टीव्हीच्या स्पर्धेतून निघालेला हात सिनेमात गेला आणि तिथला नाच पुन्हा टीव्हीच्या स्पर्धेत आला.

‘वाजले की बारा’ची सगळ्यात मोठी चूक स्टेपमध्ये होत नाही, गाण्याच्या अर्थामध्ये होते. ती बाई घरी जाऊ द्या म्हणतेय. बारा वाजले, आता सोडा. म्हणजे अंगाचा ओढा बाहेरच्या दिशेला हवा, एक पाऊल सतत विंगेकडे वळलेलं, आणि नजर मात्र थांबवणाऱ्यावर. अमृता खानविलकरच्या मूळ नाचात आर्जव आणि खट्याळपणा दोन्ही आहे. स्पर्धेत मात्र पहिल्या ठोक्यापासून चढाई सुरू होते, जणू ही रात्रभर जाणारच नाही. निदान मुखड्याची पहिली ओळ निघण्याच्या पवित्र्यात करावी, म्हणजे दुसऱ्या ओळीला परत फिरण्याला अर्थ येतो. ‘अप्सरा आली’ याच्या उलट. ते रूपाचं वर्णन आहे, तिथे घाई नाही. सोनाली कुलकर्णीच्या नाचात ठेका उठेपर्यंत जो संथपणा आहे, तो भाग ट्रॅकमध्ये कापला की पुढचा ठेका उठून दिसत नाही. बारा सेकंद का होईना, ठेवावा.

फडावर किंवा संगीतबारीत ढोलकीवाल्याची नजर नाचणारीच्या पायांवर असते. ती थांबली तर तो थांबतो, तिने डोळा मोडला तर त्यावर थाप देतो. टीव्हीवर ढोलकी ट्रॅकमध्ये बंद आहे, ती कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे लावणीतली उत्स्फूर्त अदा इथे आधी मात्रांत मोजून ठेवावी लागते. मुरका किती मात्रांचा, पदर ओढायला किती, बसून उठायला किती. उठायला दोन मात्रा जास्त लागतात हे नऊवारी नेसल्यावरच कळतं, तेव्हा हा हिशेब तालमीतच नऊवारीत करावा.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. शोमध्ये बहुतेक शिवलेली वापरतात, कारण कपडे बदलायला वेळ नसतो. शिवलेल्या साडीत आसन, म्हणजे दोन पायांमधली शिवण, कुठे येतं ते पाहा. ते खाली असेल तर उकिडवं बसताना शिवण उसवते किंवा पाऊल पुरेसं फाकत नाही. माप देताना उभं राहून देऊ नये, पूर्ण खाली बसून द्यावं. नेसवलेली साडी असेल, तर कासोटा कमरेला खोचून वर आडवी पिन हवी आणि कमरपट्टा साडीला तीन-चार ठिकाणी दोऱ्याने टाचलेला हवा. नुसत्या हुकावरचा कमरपट्टा फिरतो आणि मधलं पदक पाठीवर जातं. खांद्यावर पदराला दोन पिना, दोन्ही आतून. चापाची नथ घामाने घसरते. लावण्याआधी नाक स्पिरिटने पुसून पापण्या चिकटवायच्या गोंदाचा एक ठिपका दिला की राहते. गजरा खोप्याला आकड्यांनी नुसता खोचू नये, दोऱ्याने बांधावा. लावणीत मान झटकली की सुटा गजरा पहिल्या रांगेत जाऊन पडतो.

घुंगरांचं दुखणं फरशीशी जोडलेलं आहे. मंचाची एलईडी फरशी गुळगुळीत असते, दिव्यांनी तापते आणि अनवाणी पायाला घाम सुटला की घसरते. एंट्रीच्या आधी तळवे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावेत. तेल किंवा क्रीम त्या दिवशी पायांना लावूच नये. घुंगरू दोरीत ओवलेले असतील तर खाली कापडी पट्टी गुंडाळून मगच बांधावेत, नाहीतर घोट्याची कातडी सोलते. चामड्याच्या पट्ट्यावरचे बसतात चांगले, पण बक्कल बाहेरच्या बाजूला हवं. आतल्या बाजूला असलं की दोन्ही पाय घासून एकमेकांत अडकतात. आणि घुंगरांचा आवाज प्रसारणात येईलच असं नाही. बऱ्याचदा तो ट्रॅकमध्ये वेगळा भरलेला असतो. तो आधी ऐकून, त्याप्रमाणेच पाय बसवावेत. ट्रॅकमध्ये घुंगरू वाजताहेत आणि पाय स्थिर, हे दृश्य फार केविलवाणं दिसतं.

परीक्षक कोण आहेत याचाही विचार नाच बसवताना करावा. २०१८मध्ये ‘डान्स दीवाने’त माधुरी दीक्षित स्वतः परीक्षकाच्या खुर्चीत होती. मूळ नाचणारी समोर बसलेली असताना तिची नक्कल करण्यात काही हशील नाही, कारण नक्कल तिच्याइतकी चांगली होणार नाही. तिथे मूळ स्टेप दोन-तीनच ठेवाव्यात, पण त्या अगदी चोख, आणि बाकी सगळं त्याच भाषेत नव्याने बसवावं. परीक्षक दुसरे असतील तर प्रमाण वाढवता येतं. साडेसदतीस आठांपैकी बारा-पंधरा आठ मूळचे राहिले की लोकांना गाणं ओळखीचं वाटतं. त्याहून जास्त ठेवले तर स्पर्धक दिसत नाही. अर्थात हे माझं मोजमाप, यावर भांडायला जागा आहे.

राहता राहिला शेवट. सिनेमातलं गाणं बरेचदा संपतच नाही. कुणीतरी मधे येतं, गोळी सुटते, किंवा आवाज हळूहळू विरत जातो. मंचावर शेवट लागतोच, आणि तो तालमीत सगळ्यात शेवटी, दमलेल्या अवस्थेत, घाईघाईने बसवला जातो. तो पहिल्या दिवशीच बसवावा. विरत जाणारा ट्रॅक घेऊ नये, मुखड्याच्या समेवर कापून वर एक ठोस थाप जोडून घ्यावी. शेवटची पोझ अशी निवडावी की धाप लागलेली दिसणार नाही: हात छातीसमोर नकोत, पोट आवळलेलं, तोंड बंद, वजन दोन्ही पायांवर. एका पायावरची पोझ फोटोत सुंदर दिसते, पण जिब वर जाईपर्यंत तीन-चार सेकंद ती धरावी लागते, आणि अडीच मिनिटं नाचलेल्या पायाला तेवढे सेकंद फार होतात.